लाकडाशिवायची वाईन आणि चुन्याचं मडकं

बिस्किटाचा पुडा घ्या, लोणच्याची बरणी घ्या, शांपूची बाटली घ्या. लेबलवर आत काय काय घातलंय ते लिहिलेलं असतं. मागच्या वर्षी माझ्या कामात एक अशी बाटली आली की तिच्या लेबलवर काय काय केलेलं नाही याचीच यादी होती. लाकडी पिंपात ठेवलेली नाही. बाहेरचं यीस्ट घातलेलं नाही. गाळलेली नाही. गंधक अगदी नावापुरतं.

ती होती स्पेनची लाल वाईन. या सगळ्या ‘नाही’मुळे ती स्वस्त असेल असं तुम्हाला वाटेल, पण तसं नव्हतं.

मी कंटेंट रायटर आहे. इंग्रजी घेऊन बीए केलं आणि आता घरबसल्या वेगवेगळ्या कंपन्यांसाठी मजकूर लिहिते. कधी प्रेशर कुकर, कधी गुडघ्याचा पट्टा, कधी मुलांचे रेनकोट. त्या वेळी परदेशी वाईन आयात करणाऱ्या एका ग्राहकासाठी या बाटलीवर तीनशे शब्द लिहायचे होते. तीनशे शब्द लिहून झाले, पैसेही आले. पण त्या वाईनबद्दल वाचताना जे कळलं ते माझ्या घरामागच्या नारळाच्या बागेत येऊन थांबलं. म्हणून हा लेख. आधीच सांगते, ही जाहिरात नाही. तुम्ही वाईन पीत असाल, नसाल, घरात तिचं नाव काढलेलंही चालत नसेल, तरी शेवटपर्यंत वाचा. विषय वाईनपासून सुरू होतो, पण तिथेच राहत नाही.

मराठी घर, तमिळ गाव

माझं गाव ओरत्तनाडू. तमिळनाडूतल्या तंजावरपासून दक्षिणेला वीस-पंचवीस किलोमीटरवर, पट्टुकोट्टैच्या रस्त्याला. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तंजावरला आले आणि त्यांच्यामागून जी मराठी घरं इकडे आली, त्यांच्यापैकी एक आमचं. सरफोजीराजांनी मुक्तांबाळच्या नावानं 1800 सालच्या सुमारास बांधलेलं मोठं छत्रम आमच्या गावात आहे. रामेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूंना तिथे मुक्काम आणि जेवण मिळायचं. कधी तंजावरचं मोठं देऊळ बघायला आलात, तर अर्धा दिवस काढून तेही बघून जा.

आमच्या घरातलं मराठी ऐकून पुण्या-मुंबईचे लोक हसतात, कारण त्यात निम्मं तमिळ असतं. देवनागरी मी हिंदी प्रचार सभेच्या परीक्षांसाठी शिकले आणि मग त्याच अक्षरांत मराठी मासिकं वाचू लागले. तुमच्याशी आज ज्या भाषेत बोलते आहे ती अशी वाचून वाचून आलेली आहे.

लाकूड काय करतं?

आता बाटलीकडे वळू. वाईनच्या बाबतीत लाकूड म्हणजे ओक. या झाडाच्या फळ्यांची पिंपं करतात, ती आतून आगीवर भाजतात आणि त्यात वाईन महिनोन्‌महिने ठेवतात. लाकडाच्या बारीक छिद्रांतून थोडी थोडी हवा आत जाते, त्यामुळे वाईनचा तुरटपणा मऊ होतो. लाकडातून व्हॅनिलासारखा, लवंगेसारखा, भाजक्या खोबऱ्यासारखा वास तिच्यात उतरतो.

स्पेनमध्ये या पिंपांना मोठा मान आहे. रिओहा हा तिथला सर्वात नावाजलेला वाईनचा प्रांत. तिथल्या लाल वाईनवर ‘क्रियान्सा’ असं लिहायचं असेल तर ती किमान दोन वर्षं मुरलेली असावी लागते आणि त्यातलं निदान एक वर्ष 225 लिटरच्या ओकच्या पिंपात गेलेलं असावं लागतं. त्यावर ‘रेसेर्वा’, त्याच्याही वर ‘ग्रान रेसेर्वा’. जितकं जास्त मुरणं, तितकी वरची पायरी. पिंपात न ठेवता लवकर बाजारात येणाऱ्या वाईनला म्हणतात ‘होवेन’, म्हणजे तरुण. बरीच वर्षं ही तरुण वाईन रोजच्या जेवणातली, साधी, गावात पिऊन संपणारी मानली गेली.

माझ्याकडे आलेली बाटली बोबाल नावाच्या द्राक्षाची होती. वलेन्सिया प्रांताच्या आतल्या भागात उतिएल आणि रेकेना ही गावं आहेत. उन्हाळा कडक, थंडी कडक, पाऊस बेताचा. तिथे बोबालच्या जुन्या वेली तारांवर न चढवता झुडपासारख्या ठेवलेल्या असतात. फळाची साल जाड, रंग गडद. या गडद रंगामुळेच बोबालचं नशीब फिरलं, तेही उलट्या दिशेनं. दुसऱ्यांच्या फिक्या वाईनला रंग आणायला ती ठोकानं विकली जायची. बाटलीवर स्वतःचं नाव येणं तिच्या वाट्याला फारसं आलंच नाही. गेल्या काही दशकांत तिथल्या लोकांनी ठरवलं की हे द्राक्ष जसं आहे तसं लोकांपुढे आणायचं. मग त्यावर व्हॅनिलाचा वास कशाला चढवायचा? म्हणून लाकूड नको. स्टीलची टाकी, सिमेंटचं टाकं किंवा मातीचा रांजण.

हो, रांजण. रेकेनाच्या जुन्या वस्तीच्या पोटात खोदलेली तळघरं आहेत आणि त्यांत माणसाहून उंच मातीचे रांजण ओळीनं उभे आहेत. पूर्वी त्यांत वाईन आणि धान्य साठवायचे. आपल्याकडच्या जुन्या वाड्यातल्या बळदाची आठवण यावी असं ते सगळं. मातीला छिद्रं असतात म्हणून थोडी हवा आत जाते, पण माती स्वतःचा वास फारसा लादत नाही. आज स्पेनमधले काही वाईन करणारे पुन्हा रांजणाकडे वळलेत ते यासाठीच.

इडलीच्या पिठात यीस्ट कोण घालतं?

‘कमीत कमी हस्तक्षेप’ हे शब्द इंग्रजीत फार भारदस्त वाटतात. पण तुमच्या स्वयंपाकघरात हे रोज चालतं. इडलीचं पीठ वाटून ठेवतो तेव्हा आपण यीस्टची पुडी फोडतो का? तांदळावर, उडदाच्या डाळीवर आणि हवेत जे सूक्ष्मजीव असतात तेच रात्रभरात पीठ फुगवतात. आमची आजी पीठ हातानंच कालवते. चमच्यानं कालवलेलं पीठ नीट येत नाही असं ती म्हणते.

द्राक्षाचंही तसंच. सालीवर आणि वाईनच्या खोलीत नैसर्गिक यीस्ट असतं. द्राक्ष चिरडलं की ते साखरेवर तुटून पडतं, साखरेचं अल्कोहोल होतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मोठे कारखाने यावर विसंबून राहत नाहीत. ते निवडलेलं यीस्ट घालतात, म्हणजे दर वर्षी चव तीच येते. मग गाळतात, स्वच्छ करतात आणि टिकावं म्हणून गंधकाचं संयुग घालतात. या गंधकाला घाबरायचं कारण नाही. सांगली-तासगावचे पिवळेधमक बेदाणे तुम्ही खाता ना? तो रंग टिकवायला गंधकाचीच धुरी देतात. ज्यांना गंधकाचा त्रास होतो, विशेषतः दम्याच्या काही रुग्णांना, त्यांनी मात्र लेबल बघावं. युरोपात वाईनच्या लिटरमागे 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त सल्फाइट असलं तर तसं लिहिणं बंधनकारक आहे. साध्या कोरड्या लाल वाईनला तिथे 150 मिलिग्रॅमपर्यंत मुभा असते. कमी हस्तक्षेपवाले यापेक्षा पुष्कळ खाली राहतात.

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नंतर काही घालायचं नसेल तर आधीचं काम वाढतं. कुजका घड एकही आत जाता कामा नये, म्हणून द्राक्षं यंत्रानं न तोडता हातानं तोडायची, लहान क्रेटमध्ये भरायची, उन्हं चढायच्या आत आणायची. टाकी, पाइप, फरशी रोज घासायची. रात्री उठून तापमान बघायचं. एवढं करूनही एखाद्या वर्षी सगळं आंबून व्हिनेगर होण्याची भीती असतेच. लेबलवरच्या प्रत्येक ‘नाही’मागे कुणाची तरी जागरणं आहेत. किंमत त्याची असते. आपल्याकडे येईपर्यंत त्यावर आयात शुल्क चढतं, जे कित्येक वर्षं 150 टक्के होतं, ते वेगळंच.

चव कशी होती? बंगळुरूला त्या ग्राहकानं आम्हा लिहिणाऱ्यांना बोलावलं होतं, तिथे मी दोन घोट घेतले. लेखात मी ‘काळ्या फळांची चव’ असं लिहिलं, कारण ग्राहकाला तसंच हवं होतं. तुम्हाला खरं सांगते, जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी जांभळी होते आणि गालांच्या आतून जशी ओढल्यासारखी होते, तशी ती होती. आंबट, तुरट, ताजी. कुठेही गुळगुळीतपणा नाही. शेजारच्या पेल्यात पिंपात मुरलेली एक वाईन होती. ती जास्त गोडव्यानं बोलत होती. मला पहिली जास्त खरी वाटली, पण हा ज्याच्या त्याच्या जिभेचा प्रश्न.

आमच्या बागेतलं मडकं

आता बागेत चला.

16 नोव्हेंबर 2018 च्या पहाटे ‘गज’ चक्रीवादळ नागपट्टिनम आणि वेदारण्यमच्या मधे किनाऱ्यावर आलं. आमच्या भागातल्या लोकांचं आयुष्य त्या रात्रीनं दोन भागांत कापलं. ओरत्तनाडू, पट्टुकोट्टै, पेरावूरणी हा सगळा नारळाचा पट्टा. लाखो झाडं आडवी झाली. भाताचं पीक गेलं तर पुढच्या हंगामात पुन्हा लावता येतं. नारळाचं झाड पडलं की माणसाच्या आयुष्यातली सहा-सात वर्षं जातात, कारण नव्या रोपाला फळ धरायला तेवढा वेळ लागतो. बुटक्या जाती तीन-चार वर्षांत फुलतात, पण लावायला पैसे हवेत. आमची बाग मोठी कधीच नव्हती. तिच्यातली मोजकी झाडं उभी राहिली. अप्पांनी 2019 मध्ये नवी रोपं लावली. काही उंच जातीची, काही बुटकी.

ती झाडं आता फुलावर आली आहेत. आणि आमच्या घरात प्रश्न उभा राहिला आहे की या फुलांचं करायचं काय?

नारळाचा फुलोरा म्हणजे पोय. ती उमलू दिली तर नारळ. ती उमलायच्या आधी दोरीनं घट्ट बांधली, रोज हलक्या हातानं ठोकली आणि टोक कापलं, तर थेंब थेंब रस येतो. तो रस म्हणजे नीरा. दिवसातून दोनदा-तीनदा टोकाचा कागदाइतका पातळ काप काढावा लागतो, नाहीतर जखम सुकते आणि रस थांबतो. एका झाडापासून दिवसाला साधारण दीड-दोन लिटर नीरा मिळते. मात्र त्या पोयीचे नारळ गेले.

मुंबईत रेल्वे स्टेशनवर नीरेचे स्टॉल तुम्ही पाहिले असतील. कोकणातल्या वाचकांना माडी आणि ताडी वेगळी सांगायला नको. गोव्याच्या सान्नांमध्ये पीठ फुगवायला हीच माडाची सूर घालायची पद्धत आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला ताडगोळ्यांबरोबर ताडाची गोड नीरा मिळते, तिला पदनीर म्हणतात.

नीरा आणि माडी यांत फरक फक्त वेळेचा. झाडावरून उतरलेल्या रसात साखर भरपूर असते आणि हवेतलं यीस्ट तयारच असतं. काही तासांत तो फेसाळतो आणि त्यात चार-सहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल येतं. दुसऱ्या दिवशी तो आंबट होतो आणि पुढे व्हिनेगर. कुणी काही घालत नाही. लाकूड नाही, यीस्ट नाही, गाळणं नाही, गंधक नाही. रेकेनामधला माणूस ज्याच्यासाठी एवढी जागरणं करतो ते इथे आपोआप, मडक्यात, उन्हं डोक्यावर यायच्या आत होऊन जातं.

हे होऊ नये म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. चुन्यामुळे सूक्ष्मजीवांचं काम थांबतं आणि रस गोड राहतो. आता कासरगोडच्या केंद्रीय संशोधन संस्थेनं बर्फाची पेटी काढली आहे. ती पोयीलाच लावायची, रस थेट थंड डब्यात पडतो आणि चुना लागत नाही. त्यांनी त्या रसाला ‘कल्परस’ असं नाव दिलंय.

जिथे हात न लावणं गुन्हा आहे

आमच्या बागेत नारळ पाडायला एक तात्ता येतात. साठी ओलांडलेली. मी त्यांना तात्ता म्हणते, म्हणजे आजोबा, आणि ते मला पाप्पा म्हणतात, म्हणजे बाळ. तरुणपणी ते परवानाधारक दुकानासाठी माडी काढायचे. 1 जानेवारी 1987 पासून तमिळनाडूत ताडी-माडीची दुकानं बंद झाली. त्या दिवसापासून त्यांचं निम्मं कसब बेकायदा ठरलं. नारळ पाडायला झाडावर चढणं चालू राहिलं, पण पोयीवरचा सुरा त्यांनी गुंडाळून ठेवला.

मी त्यांना त्या स्पॅनिश वाईनबद्दल सांगितलं. काहीही घालत नाहीत, आपोआप आंबू देतात, म्हणून तिला मान आहे, म्हणून ती महाग आहे. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, “पाप्पा, तिकडे काही केलं नाही तर बक्षीस मिळतं. इकडे मी चुना लावला नाही तर पोलीस नेतील.”

ते गमतीनं बोलले, पण कायदा खरोखर तसाच आहे. चुना लावलेला किंवा थंड केलेला रस म्हणजे नीरा, तो परवानगीनं चालतो. तोच रस चार तास तसाच राहिला तर ती माडी, आणि माडी बंद. राज्यातली बाकी दारू मात्र ‘टास्मॅक’ या सरकारी महामंडळाच्या दुकानांतून विकली जाते, आणि त्यात परदेशी वाईनही असते. म्हणजे बोबालची बाटली कायद्यानं चालेल, तात्तांचं मडकं नाही. शेजारच्या केरळमध्ये माडीची दुकानं उघड चालतात. शेतकरी संघटना इथलीही बंदी उठवा म्हणून वर्षानुवर्षं मागणी करत आहेत.

मला सुरुवातीला वाटलं, हा सरळसरळ अन्याय आहे. वाईनला इंग्रजी नाव, सुंदर पेला आणि माझ्यासारखी लिहिणारी मिळते. माडीला फक्त कलम मिळतं. महाराष्ट्रात 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवू देण्याच्या निर्णयावरून केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. तेव्हाही वाद शेवटी याच शब्दांभोवती फिरत होता की वाईनला दारू म्हणायचं की नाही.

हे सगळं मी मोठ्या तावातावानं आजीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “नाव गोड ठेवलं म्हणून घर वाचतं का गं?”

आजीनं आमच्याच रस्त्यावरची तीन घरं मोजून दाखवली. एका घरातली भांडी गहाण पडलेली तिनं पाहिली आहेत. एका घरातली लेक शाळा सोडून कामाला लागली. तिसऱ्याबद्दल ती बोलत नाही. दारूबंदीचा विचार या राज्यात वरून आलेला नाही. पेरियार यांनी 1921 च्या सुमारास स्वतःच्या बागेतली शेकडो नारळाची झाडं याच कारणासाठी तोडून टाकली. राजाजींनी 1937 मध्ये सेलम जिल्ह्यापासून दारूबंदी सुरू केली. मागे बायकांचे हाल होते. आणि 2024 च्या जूनमध्ये कळ्ळक्कुरिचीत मिथेनॉल मिसळलेल्या विषारी दारूनं साठहून जास्त माणसं गेली, ती तर कालचीच गोष्ट. माडी खुली केली तर भेसळ होईल ही भीती कुणाच्या तरी कल्पनेतली नाही.

तात्ता या बोलण्यावर रागावले नाहीत. उलट म्हणाले की भेसळ करणारा झाडावर चढत नाही, तो खाली बसलेला असतो. आजीनं मान डोलावली. दोघांचं एवढ्यावर एकमत झालं आणि बाकीचं तसंच राहिलं. माझंही राहिलं आहे. माडी खुली व्हावी की नाही, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. पण ज्या माणसाला त्या रसातलं सगळं कळतं त्याला या चर्चेत कुणी विचारत नाही, एवढं मला दिसतं.

बारा झाडं

2017 मध्ये तमिळनाडू सरकारनं नारळाची नीरा काढायला परवानगी द्यायचं ठरवलं, आणि पुढे शेतकऱ्यांच्या नारळ उत्पादक कंपन्यांना परवाने मिळू लागले. आमच्या भागात त्यावर चर्चा चालू असतानाच वादळ आलं. झाडंच नाहीत तर नीरा कुठली? आता झाडं पुन्हा आली आहेत. अप्पांचा हिशेब सरळ आहे. नारळाचा भाव कधी वर, कधी खाली. नीरेचे पैसे रोजचे. पण रोज काढायला माणूस लागतो, आणि तो दिवसातून दोनदा झाडावर गेला पाहिजे. आजारी पडला तरी, घरी लग्न असलं तरी.

तात्तांचा गुडघा आता उंच झाडाला तयार नाही. त्यांचा मुलगा तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात आहे. तो झाडावर कधी चढला नाही आणि चढणारही नाही. त्याला दोष कोण देणार? झाडावरून पडून आडवे झालेले लोक त्यानं लहानपणी पाहिलेत. वर, ज्या कामाला लपूनछपून बोलावं लागतं ते काम मुलाला कोण शिकवेल?

शेवटी अप्पांनी बारा बुटकी झाडं नीरेसाठी बाजूला काढायचं ठरवलं. परवाना असलेल्या कंपनीमार्फत, रीतसर. ही झाडं अजून इतकी कमी उंचीची आहेत की शिडीवरून पोयीला हात पोचतो. बाकीची नारळासाठी. आणि आमच्या गल्लीतली दोन मुलं, एक मुलगा आणि एक मुलगी, तात्तांकडे शिकायला येऊ लागली. नारळ विकास मंडळ 2011 पासून तरुणांना यंत्राच्या मदतीनं झाडावर चढायचं प्रशिक्षण देतं, त्यात मुलीही शिकतात. ते चढणं या मुलीनं तिथे शिकून घेतलं आहे. पण पोय तयार झाली की नाही हे कसं ओळखायचं, ते वर्गात कुठून येणार?

तात्ता ते हातानं ओळखतात. पोयीवर बोटं फिरवतात, मधे दाबतात, कधी कान लावतात. त्या मुलीनं विचारलं की नक्की काय कळतं? ते म्हणाले, “उद्या परत हात लाव. परवा परत. मग तूच मला सांग.” घाई केली तर रस येत नाही, उशीर केला तर पोय उमलते. ठोकायचं तर किती? फुलाला जाग यावी पण जखम होऊ नये इतकं. हे सगळं मी वहीत उतरवून घेते आहे, तमिळमध्ये आणि मराठीत. लिहून किती उतरतं माहीत नाही. तात्तांना अजून किती हंगाम शिडी चढता येईल हाही प्रश्न आहेच. पहिल्या चार पोयींपैकी दोन सुकून गेल्या. तिसरीतून रस आला, तोही वाटीभर.

त्या वाटीभर नीरेची चव तुम्हाला सांगते, कारण ती सांगायला मला कुणी पैसे दिलेले नाहीत. शहाळ्याच्या पाण्यासारखी सुरुवात, मग उसाच्या रसाची गोडी, पण उसापेक्षा हलकी, आणि शेवटी किंचित खारट. आजीनं चमचाभर घेतली. “गोड आहे,” म्हणाली आणि लगेच पुढे, “दुपारच्या आत संपवा.”

तुमच्याकडे दोन छोट्या विनंत्या आहेत. कुठल्याही वस्तूवर ‘नैसर्गिक’, ‘काही न घातलेलं’ असं लिहिलेलं दिसलं तर एक प्रश्न विचारा. घातलं नाही, मग त्याऐवजी कुणी काय केलं? वाईन असो, मध असो, लाकडी घाण्याचं तेल असो. विकणारा सांगू शकला तर त्या शब्दाला अर्थ आहे. सांगू शकला नाही तर तो शब्द बहुधा माझ्यासारख्या कुणीतरी तीनशे शब्दांत बसवलेला आहे.

आणि स्टेशनवर नीरेचा स्टॉल दिसला, कोकणात कुणी माडावरून उतरताना दिसलं, तर दोन मिनिटं थांबून बोला. झाड किती वर्षांचं, दिवसातून किती वेळा चढता, मुलं शिकली का हे काम, एवढंच विचारलं तरी पुरे. आमच्या गावात हे प्रश्न विचारायला फार उशीर झाला. ती मुलगी आज संध्याकाळी चौथ्या झाडाची पोय बघायला जाणार आहे. तात्तांनी सांगितलंय की या वेळी ते हात लावणार नाहीत, फक्त खाली उभे राहतील.